सत्तेचाळीस लाख तेरा हजार दोनशे ब्याऐंशी

ग्रेडरनं ट्रॉलीच्या बाजूनं हात घातला, आतून मूठभर कापूस ओढला, अंगठ्यात धरून ताणला आणि धाग्याकडे नीट न पाहताच म्हणाला, "कवडी हाय. दुसऱ्यात टाका." एवढंच. कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. भाऊ वाद घालत बसला नाही. माल दुसऱ्या वेच्याचा होता, बाया पहाटे दवातच वावरात शिरत होत्या, ओलावा थोडा जास्त भरणार हे त्यालाही ठाऊक होतं. हमीभावात आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, पुढं टक्क्यामागं टक्का कपात, बाराच्या वर गाडी परत. हा हिशेब आमच्या यवतमाळकडं शेंबडं पोरही सांगतं. पण ओलावा यंत्रावर दिसतो. कवडी ठरते बोटांवर, आणि ती बोटं सकाळपासून किती ट्रॉल्यांत जाऊन आली असतील, त्यांना आता काय कळत असेल, हे डोक्यात घोळवत मी काट्याच्या खिडकीशी उभा राहिलो. सरकीचा तेलकट वास, जिनच्या पट्ट्याची घरघर, रुईची तुसं नाकात जाऊन सारख्या शिंका. खिडकीतून पावती आली. पातळ गुलाबी कागद, भावाच्या नावातली वेलांटी चुकलेली, गावाचं नाव अर्धंच, आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईत छापलेला अनुक्रमांक: ४७१३२८२.

कापसाचं एका माणसानं क्षणात ठरवून टाकलं होतं. त्या आकड्याबद्दल मात्र कुणीच काही ठरवलेलं नव्हतं. परतताना रिकाम्या ट्रॉलीत, डाल्याला धरून उभ्या उभ्या धक्के खात, मला उगाच वाटत राहिलं की याची प्रतवारी करायची म्हटली तर काय करता येईल? हा आकडा आहे तरी कसा? आणि तो जसा असेल तसा आहे हे सांगायला कोणाची बोटं लागतील?

माझी सगळी नोकरी अमरावतीला सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली. आकडे मी हजारोंनी पाहिले, पण त्यांच्याकडं पाहिलं असं म्हणता येणार नाही. ताळेबंद जुळला की पान उलटायचं. शेतकऱ्याच्या भोवती तर आकड्यांचा नुसता गराडा असतो. गट नंबर, खाते नंबर, पासबुकाचा नंबर, आधार, आता वरून फार्मर आयडी. त्यातला आधार त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. त्याचे पहिले अकरा अंक माणसाबद्दल काहीच सांगत नाहीत. गाव नाही, जात नाही, वय नाही. बारावा अंक मात्र त्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो. व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये ही रीत बसवली. सेवा केंद्रातल्या पोरानं घाईत एखादा अंक चुकवला किंवा शेजारचे दोन अंक उलटे टाकले, तर बारावा अंक जुळत नाही आणि मशीन नंबर परत फेकतं. अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून रांगेतून परत गेलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. आकड्याची चूक पकडायची सोय आहे, अंगठ्याच्या भेगांची नाही.

पण हे सगळे आकडे म्हणजे दोरीला बांधलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठी सोडवून नुसता आकडा हातात घेतला तर काय दिसतं, ते मला पाहायचं होतं.

त्या आठवड्यात वावराची लाइन रात्रीची होती. जेवण झालं की भाऊ बॅटरी घेऊन हरभऱ्याच्या ओलितावर निघून जायचा. मी आणि पुतणी ओसरीवर. ती अकरावी सायन्सला आहे, तालुक्याला एसटीनं जाते. तिच्यापुढं पावती ठेवली आणि म्हटलं, हा नंबर फोड बरं. "काऊन? लॉटरीचा हाय का?" असं विचारून तिनं वहीचं मागचं पान उघडलं. शेवटी २ आहे, म्हणजे २ नं जातो. अंकांची बेरीज २७, म्हणजे ३ नं जातोच. २३५६६४१, मग ७८५५४७, मग २६१८४९, मग ८७२८३. इथं ३ संपला. ७ लावला, १२४६९ आले. मग ती अडली. ११ नं जाईना, १३ नं जाईना, १७, १९, २३, २९, ३१ कशानंच जाईना. एव्हाना तिचा चेहरा असा झाला होता की आता हे मूळ संख्याच म्हणून सोडून द्यावं. ३७ लावला आणि स्वच्छ गेला. उरले ३३७. त्याच्या पुढं काही नाही.

२ × ३ × ३ × ३ × ७ × ३७ × ३३७.

ही ओळ पाहून मला जे वाटलं त्यासाठी आमच्या जुन्या कपाशीकडं जावं लागेल. आज सरळ ओळीत टोबतात, पण माझ्या लहानपणी पऱ्हाटी चौफुलीवर असायची. दोन्ही अंगांनी सारखं अंतर, ताणलेली दोरी, मातीत पाडलेल्या फुल्या, आणि फुलीवर सरकी. मग डवरा उभाही चालायचा आणि आडवाही. तण लपायला जागा राहायची नाही. आजोबांना धुऱ्यावरून पाहिलं तर तिरप्यातही ओळी दिसल्या पाहिजेत असा हट्ट असे. आता समजा, मोजून ४७,१३,२८२ झाडं आहेत आणि ती पुरत्या चौकोनी वावरात अशी लावायची की एकही झाड उरता कामा नये, एकही फुली रिकामी राहता कामा नये. किती तऱ्हांनी लावता येतील? वरच्या त्या ओळीतले तुकडे कसे जुळवाल तितक्या. या संख्येला ६४ विभाजक आहेत, म्हणजे ३२ वेगवेगळी वावरं. सगळ्यांत चौरसाच्या जवळ जाणारं वावर २०२२ तासांचं (तास म्हणजे झाडांची ओळ), प्रत्येक तासात २३३१ झाडं. सगळ्यांत वेडंवाकडं म्हणजे एकच तास, तेलंगणाही ओलांडून जाईल असा. ६४ हा आकडा ऐकून मला आजोबांचा रुपया आठवला. १९५७ मध्ये दशमान नाणी आली त्याआधी रुपयाला १६ आणे आणि आण्याला ४ पैसे, म्हणजे रुपयाला ६४ पैसे. नवे पैसे आल्यावरही कितीतरी वर्षं ते बैलाचा सौदा आण्यांतच मनाशी करून मग तोंडानं रुपये सांगत.

पुतणीनं विचारलं, मग याच्या पुढच्या पावतीचं काय? म्हणजे आमच्या मागं ज्याची गाडी लागली होती त्याची: ४७१३२८३. फक्त एकानं जास्त. तिनं पुन्हा भागायला सुरुवात केली, या वेळी फोनवर. २ नाही, ३ नाही, ५, ७, ११, १३, १७, १९, २३ नाही. २९ नं गेला, १६२५२७ आले. त्याच्यापुढं ती किती वेळ भागत होती सांगता येत नाही. ४०३ पर्यंतची एकूणएक मूळ संख्या लावून पाहिली आणि एकीनंही भाग गेला नाही. म्हणजे १६२५२७ ही मूळ संख्याच. या झाडांचं वावर करायचं तर एक २९ तासांचा लांबच लांब पट्टा, नाहीतर सगळी एका रांगेत. तिसरा मार्ग नाही. रांगेत आमच्या गाडीला खेटून उभी असलेली संख्या, आणि तिच्यापाशी इतकंच.

मला याचं आश्चर्य वाटत राहिलं, अजूनही वाटतं. शेजारी शेजारी असणं म्हणजे काहीतरी सारखं असणं, अशी आपली एक समजूत असते. गावात तर ती पक्कीच. धुऱ्याला धुरा लागलेल्या दोन वावरांची माती साधारण एकच असते, पाणी एकाच थराचं लागतं. संख्यांमध्ये असं काही नाही. एक मिळवला की सगळं धुऊन जातं. कुठलाच विभाजक (१ सोडून) पुढच्या घरात जात नाही. पुतणीला मी सांगितलं की फोनवरून पैसे पाठवताना जी कुलपं लागतात त्यांतली बरीच या मागच्या गाडीवाल्याच्या जातीच्या आकड्यांची आहेत: दोन मूळ संख्यांचा गुणाकार, फक्त त्या दोन्ही शेकडो अंकी. गुणायला क्षणभर, फोडायला जन्म. आरएसए-२५० नावाची २५० अंकी संख्या २०२० साली फोडली, तर त्यासाठी कितीतरी संगणक एकदम जुंपावे लागले. "मंग मागच्या गाडीवाल्याले कुलूप भेटलं आन् आपल्याले काय?" ती म्हणाली.

आपल्याला काय, याचं उत्तर थोडं लांब आहे.

संख्यांची प्रतवारी करायची एक फार जुनी रीत आहे, जवळजवळ दोन हजार वर्षांची. संख्येचे स्वतःला सोडून सगळे विभाजक घ्यायचे, त्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येपेक्षा कमी आली तर ती तुटीची, जास्त आली तर विपुल, आणि बरोब्बर तेवढीच आली तर परिपूर्ण. ६ परिपूर्ण आहे, कारण १, २, ३ मिळून ६. मग २८, ४९६, ८१२८, आणि त्यानंतर एकदम ३,३५,५०,३३६. आजपर्यंत अशा फक्त ५२ माहीत आहेत. शेवटची जिच्यामुळं मिळाली ती मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली आणि ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. सापडलेल्या सगळ्या सम आहेत. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे कुणालाच सांगता आलेलं नाही.

आमची ४७१३२८२ विपुल निघाली, आणि नुसती नावाला नव्हे. विभाजकांची बेरीज ७६,१६,९५८. म्हणजे २९,०३,६७६ वरकड. खरं तर एवढी बेरीज मारायची गरजही नव्हती. ६ नं भाग जाणारी कोणतीही संख्या (६ स्वतः सोडून) विपुलच असते, कारण तिचा अर्धा, तिचा तिसरा हिस्सा आणि तिचा सहावा हिस्सा मिळूनच ती पुरी होते: २३५६६४१, १५७१०९४ आणि ७८५५४७. बाकी जे काही सापडेल ते वरचं. मागच्या गाडीवाल्याचं पाहा: १, २९ आणि १,६२,५२७, एकूण १,६२,५५७. सत्तेचाळीस लाखांसमोर. सगळ्यांत कंगाल मूळ संख्या, त्यांच्यापाशी नुसता एक १ असतो. सगळ्या संख्यांत विपुल किती, याचाही छडा लागला आहे. १९९८ मध्ये दाखवलं गेलं की दहा हजारांत सरासरी २४७४ ते २४८० यांच्या मध्ये. चार आण्यांना किंचित कमी. बाकीचा जवळजवळ बारा आणे माल तुटीचा.

निकोमाकस नावाचा एक ग्रीक लेखक होता, इसवी सन १०० च्या सुमाराचा. त्यानं या प्रतवारीला नीतीचा रंग दिला. विपुल संख्या म्हणजे जास्तीचे अवयव फुटलेलं जनावर, तुटीची म्हणजे एखादा अवयव कमी असलेलं, आणि चांगली फक्त परिपूर्ण. मला हा माणूस आवडत नाही. त्याची बोटं ग्रेडरच्या बोटांसारखी वाटतात. हिशेब बरोबर, पण मालाला नाव ठेवायची घाई. विभाजकांची बेरीज कमी येणं यात संख्येचं काय चुकलं?

तरी एक गोष्ट या प्रतवारीत आहे जी मला झोपताना छळते. २ ची कोणतीही घात घ्या. ८ घ्या: १, २, ४ मिळून ७. एकानं कमी. १६ घ्या: १५. आमच्या आकड्याच्या अलीकडं ४१,९४,३०४ आहे, म्हणजे २ ला २ नं गुणत गेलं की बाविसाव्या घातीला येते ती. तिची बेरीज ४१,९४,३०३. पुन्हा एकानंच कमी. कितीही वर जा, प्रत्येक घात एका दाण्यानं हुकते. डिसेंबरअखेर पैसेवारी लागते तेव्हा गावाचे चेहरे असेच असतात. पन्नास पैशांच्या आत आलं तर दुष्काळाच्या सवलती. एक्कावन्न लागली तर काही नाही, पऱ्हाटी दोन्ही गावांची सारखीच वाळलेली असली तरी. पण तिथली एक्कावन्न माणसानं काढलेली असते, पुढच्या वर्षी तलाठी बदलला तर बदलेलही. २ च्या घातींचं एकानं हुकणं कोणी बदलू शकत नाही. आणि उलट बाजूचं पाहावं तर एकानं जास्त भरणारी, म्हणजे विभाजकांची बेरीज बरोब्बर एकानं वर जाणारी संख्या आजवर एकही सापडलेली नाही. नसतेच, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

एका रात्री पुतणीनं मला वेगळ्याच गोष्टीवर आणून सोडलं. तिच्या फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडा ४,७१३,२८२ असा दिसत होता, इंग्रजी पद्धतीनं तीन-तीनचे गट पाडून. आपल्या ४७,१३,२८२ मध्ये जे कधीच दिसलं नसतं ते त्यात उघड दिसत होतं: ४ अधिक ७१३ अधिक २८२ म्हणजे ९९९. हजार म्हणजे ९९९ वर एक, त्यामुळं तीन-तीनच्या गटांची बेरीज ९९९ नं भागली गेली की अख्खी संख्याही भागली जाते. आणि ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. म्हणजे आधी ११, १३, १७ करत ती जी घाम गाळत बसली, तो ३७ स्वल्पविराम जरा सरकवले असते तर बसल्या जागी हाती येत होता. तिला राग आला. मला मजा वाटली. ३७ त्या संख्येत होताच, आपण लाखात लिहा नाहीतर मिलियनमध्ये लिहा. दिसणं न दिसणं मात्र आपल्या लिहिण्यावर.

इथून मी कापरेकरांकडं वळलो, आणि मराठी माणसानं आकड्यांबद्दल बोलायचं तर वळावंच लागतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. ६१७४ ची गंमत त्यांनी १९४९ मध्ये सांगितली आणि आता ती शाळाशाळांतून चालते, म्हणून ती इथं उगाळत नाही. एवढंच सांगतो की आमच्या पावतीच्या शेवटच्या चार अंकांवर, ३२८२ वर, पुतणीनं ती वजाबाकी चालवली (अंक मोठ्याकडून लहानाकडं मांडायचे, त्यातून तेच लहानाकडून मोठ्याकडं मांडून वजा करायचे, आणि आलेल्या आकड्यावर पुन्हा तेच) तेव्हा ६१७४ यायला सात फेऱ्या लागल्या, आणि सातापेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. कापरेकरांनी काही संख्यांना हर्षद असं नाव दिलं: अंकांची बेरीज करा, त्या बेरजेनं संख्येला भाग गेला पाहिजे. आमच्या आकड्याची बेरीज २७, आणि २७ गुणिले १,७४,५६६ म्हणजे आमचा आकडा. हर्षद आहे. दुसरी एक कसोटी आहे, अंकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तेच पुन्हा पुन्हा करत राहायचं. शेवटी १ आला तर संख्या आनंदी. आमची १४७, ६६, ७२, ५३, ३४, २५, २९, ८५ करत ८९ वर गेली आणि तिथून जे चक्र सुरू होतं त्यातून बाहेर निघत नाही. हे नाव ठेवणारे कापरेकर नव्हेत, आणि मला ते फारसं पटलेलंही नाही.

कापरेकरांच्या कामाला आपल्याकडच्या मोठ्या गणितज्ञांनी बराच काळ पोरखेळच समजलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठं नाव जगात पोचलं. १९८६ मध्ये ते गेले. हिणवणाऱ्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. रामानुजनच्या हार्डीनं १९४० मध्ये लिहून ठेवलं आहे की ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या उलट्या लिहिलेल्या स्वतःच्या पटीत येतात (२१७८ ची चौपट आणि १०८९ ची नऊपट), पण यात गणितज्ञाला भावेल असं काही नाही. का नाही? कारण हे सगळं दहाच्या लिखाणावर उभं आहे. दहा बोटं, म्हणून दहा अंक. संगणकाच्या ० आणि १ मध्ये आमचा आकडा १०००११११११०१०११०१००००१० असा दिसतो. त्यात १२ एक आहेत, आणि १२ नं त्याला भाग जात नाही. हर्षदपण गेलं! २, ३, ७, ३७, ३३७ मात्र जिथल्या तिथं. वावर तेच, ३२ तऱ्हांनी लागणारं. ३७ आणि ३३७ यांची आणखी एक गंमत आहे. ३७ उलटा केला तर ७३, तीही मूळ. ३३७ चे अंक कसेही फिरवा, ३७३ मूळ, ७३३ मूळ. अशा संख्या मोजक्याच. ९९१ च्या पुढं सापडलेल्या सगळ्या नुसत्या १ या अंकाच्या लांबलचक माळा आहेत. पण तेही दहाचंच देणं.

म्हणजे माझं मन हार्डीकडं झुकलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. जे संख्येचं स्वतःचं ते खरं, बाकी आपण लिहिताना उडालेले शिंतोडे. मग एका दुपारी सहज म्हणून मी आजोबांच्या सोळा आण्यांच्या हिशेबात तो आकडा बसवून पाहिला. दहाच्या जागी सोळा धरले तर ४, ७, १४, ११, ४, २ अशी सहा घरं होतात. बेरीज ४२. आणि ४२ नं भाग जातो! १,१२,२२१ येतात. आजोबांच्या बोटांनी मोजला असता तरी तो हर्षदच निघाला असता. याच्यामागं काही मोठं कारण नाही. ज्या संख्येला ६४ विभाजक आहेत तिच्यात ४२ सारखा आकडा सापडणं फार अवघड नसतं. तरी मी ती वही बराच वेळ मिटली नाही.

पुतणीला हा सगळा वाद सांगितला, संख्येचं काय आणि आपलं काय. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "मंग काय झालं, मोठे बाबा? सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून वावर आपलं. वावराले कुठं माहीत रायते?" हार्डीला यावर काय सुचलं असतं कोण जाणे. मला काही सुचलं नाही, मी शेंगा सोलू लागलो.

ती कापरेकरांच्याच दुसऱ्या एका खेळात अडकली आहे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची, की नवी संख्या तयार. जी संख्या अशा तऱ्हेनं कुठूनच तयार होत नाही तिला त्यांनी स्वयंभू म्हटलं: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२. आमची स्वयंभू आहे का, हे तिनं मागं मागं जाऊन तपासलं. नाही. ४७१३२५५ च्या अंकांची बेरीज २७, ती मिळवली की ४७१३२८२. दुसरा कोणताच आकडा तिथं पोचत नाही. म्हणजे रांगेत आमच्या २७ पावत्या आधी जो कोणी होता, ज्याच्या कापसाला ग्रेडरनं पहिला म्हटलं की दुसरा देव जाणे, त्याच्या पावतीतून आमची निघते. तीही हर्षद, तीही २७ नं भागली जाणारी. पुतणी मग पुढं निघाली: ४७१३३०९, बेरीज पुन्हा २७. ४७१३३३६, पुन्हा २७. ४७१३३६३, ४७१३३९०, ४७१३४१७, ४७१३४४४, ४७१३४७१. सगळ्या २७, सगळ्या हर्षद. ओळीनं लिहून ती खूश झाली होती की आता हे थांबतच नाही. भाऊ ओलितावरून परत आला, हातपाय धुऊन ओसरीवर टेकला आणि वहीत डोकावून म्हणाला, "दादा, हे पोरगी कोणाच्या उधारीचा हिशेब मांडून राहिली?"

"४७१३४९८ वर मोडलं," ती मान वर न करता म्हणाली. "बेरीज ३६ झाली. १८ उरून राहिले."